स्वतः बांधलेली कॅम्परव्हॅन: यूकेत लॉगबुक, वजन आणि एमओटी कसं निस्तरायचं

व्हॅन घेतली की पहिले दोन-तीन महिने माणूस प्लायवूड, इन्सुलेशन आणि यूट्यूब यातच बुडालेला असतो, कागदांकडे ढुंकूनही बघत नाही. आम्हीही नाही बघितलं. आमची व्हॅन कुरियरच्या कामातून रिटायर झालेली, लांब व्हीलबेस, उंच छप्पर, वजनाच्या प्लेटवर जास्तीत जास्त ३५०० किलो. इंग्लंडात मिडलँड्समध्ये घरासमोर उभी करून दोघांनी वीकेंडला वीकेंड जोडत बांधली. बेड, किचन, कपाटं सगळं झालं आणि एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) करायला जवळच्या गॅरेजात घेऊन गेलो तर काउंटरवरचा माणूस दाराजवळची प्लेट बघून म्हणाला, ही तर क्लास ७, आमच्याकडे होत नाही. दुसऱ्या गॅरेजातल्या टेस्टरने प्लेट नाही बघितली, आधी सरकतं दार उघडलं, आत डोकावला, गॅसची शेगडी बघितली आणि म्हणाला क्लास ४, आण आत. गाडी तीच, दिवसही तोच.

तिथून हे सगळं वाचायला लागलो, आणि इथे आपल्या मंडळींपैकी बरेच जण व्हॅन घ्यायच्या विचारात आहेत म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय. हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे, नॉर्दर्न आयर्लंडची एमओटी पद्धत वेगळी आहे, तिकडच्यांनी यावर जाऊ नये.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं मग सोपं जातं. घरात एकाच पोराला आजी बाळ्या म्हणते, शाळेच्या हजेरीत पूर्ण नाव असतं आणि गल्लीतली पोरं तिसऱ्याच नावाने हाका मारतात, तसं या गाडीचं आहे. डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं, तिला बाहेरून बघून नाव देतं. एमओटी टेस्टर आत बघून ठरवतो. स्पीड लिमिटला तिची बांधणी आणि रिकामं वजन लागतं, लायसन्सला प्लेटवरचं जास्तीत जास्त वजन लागतं. आणि इन्शुरन्सवाल्याचं स्वतःचंच काहीतरी असतं. लोक हे सगळं एकच समजतात, लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) 'मोटर कॅराव्हॅन', म्हणजे राहायची गाडी, आलं नाही म्हणजे सगळं फुकट गेलं असं धरून रडत बसतात, आणि खरं काम म्हणजे वजन, ते करतच नाहीत.

व्हॅन घ्यायच्या आधी

व्ही५सी म्हणजे लॉगबुक हातात घ्या आणि तीन रकाने बघा. डी.५ म्हणजे बॉडी टाइप, तिथे बहुतेक पॅनल व्हॅन लिहिलेलं असेल. जे म्हणजे कॅटेगरी, तिथे एन१ असेल, म्हणजे ३५०० किलोपर्यंतची मालवाहू. आणि एफ.१ म्हणजे जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन. गाडीवरच्या प्लेटवर हेच वजन असतं, त्याखाली ट्रेलरसकटचं वजन आणि मग पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वेगवेगळं वजन. प्लेटचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पुढे दहा वेळा लागतो.

आता लायसन्स. इथे आपल्या लोकांची गोची होते. ज्यांनी १ जानेवारी १९९७ च्या आधी इथे कारची टेस्ट पास केली त्यांना सी१ आपोआप मिळालेलं असतं, ते ७५०० किलोपर्यंत चालवू शकतात (वयाच्या ७० नंतर ते टिकवायला मेडिकल लागतं). आपण बहुतेक सगळे त्याच्या बरेच नंतर आलो, त्यामुळे आपल्याला बी, म्हणजे ३५०० किलो. जून २०२५ पासून बी वर ४२५० किलोपर्यंत चालवता येतं पण ती गाडी इलेक्ट्रिकसारखी शून्य उत्सर्जनाची हवी, डिझेलवाल्यांना त्याचा उपयोग नाही. भारतातलं लायसन्स घेऊन आलेल्यांना रहिवासी झाल्यापासून १२ महिने छोट्या गाड्या चालवता येतात, नंतर इथली टेस्ट द्यावीच लागते, भारताचं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. तेव्हा कोणी ३८५० किलोची 'मस्त डील' दाखवली तर आधी आपलं लायसन्स उलटं करून मागचा तक्ता वाचा.

डिझेल असेल आणि लंडनमध्ये कधीही जाणार असाल, विंबल्डनला भावाकडे, वेंबलीला लग्नाला, तर युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे लावणारा भाग, बघा. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये लागू आहे, डिझेल गाडी युरो ६ (धुराच्या मर्यादेचा दर्जा) नसेल तर दिवसाला १२.५० पाउंड. व्हॅनना युरो ६ साधारण सप्टेंबर २०१६ पासून सक्तीचं झालं, कारना एक वर्ष आधी, त्यामुळे २०१५ ची व्हॅन 'कारसारखीच असेल' असं धरून घेऊ नका, नंबर टाकून चेक करा.

वजन, आणि परत वजन

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळ्यात महागात हाच पडतो. आपल्याकडे उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर गेला की आधी काट्यावर चढतो, तसाच काटा इथेही असतो, भंगारवाल्याकडे, खडी-वाळूच्या डेपोत, काही ठिकाणी कौन्सिलचा. थोडे पैसे घेतात आणि चिठ्ठी देतात. व्हॅन आणली त्या आठवड्यात, एकही फळी लावायच्या आधी रिकामी व्हॅन काट्यावर न्या. मग निम्मं काम झाल्यावर, मग सगळं भरून, पाण्याची टाकी भरलेली, डिझेल फुल्ल, दोघं आत बसलेले, सायकली मागे टांगलेल्या.

आमची रिकामी दोन टनांच्या आसपास होती. सगळं भरून गेलो तर तीनच्या थोडं पुढे, म्हणजे एकूण वजनात आरामात, पण मागचा अ‍ॅक्सल त्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ गेला होता, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सायकली सगळं आम्ही मागेच कोंबलं होतं. एकूण वजन बरोबर असलं तरी एक अ‍ॅक्सल ओव्हर असेल तरी तो ओव्हरलोडच धरतात. टाकी पुढे सरकवली, एक आख्खा वीकेंड गेला, बायकोने आठवडाभर टोमणे मारले. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं: ७० लिटरची टाकी म्हणजे एक मोठा माणूस कायम मागे बसवल्यासारखं.

रस्त्यावर डीव्हीएसएवाले (गाड्या तपासणारं सरकारी खातं) किंवा पोलीस बाजूला घेऊन वजन करू शकतात. दहा टक्क्यांच्या आत ओव्हर असेल तर १०० पाउंड, १० ते १५ मध्ये २००, त्यावर ३००, आणि ३० टक्क्यांवर गेलात तर थेट कोर्ट. शिवाय गाडी तिथेच थांबवून सामान उतरवायला लावतात, एम६ मोटरवेच्या कडेला प्रेशर कुकर आणि गाद्या घेऊन उभं राहायची हौस असेल तर करा.

आत काय हवं

एमओटीसाठी असो की डीव्हीएलएसाठी, 'मोटर कॅराव्हॅन' म्हणायला आतल्या गोष्टी कायमच्या बसवलेल्या पाहिजेत, हा मुद्दा सगळीकडे सारखा आहे. गादी टाकून आणि कॅम्पिंगची शेगडी ठेवून ती कॅम्पर होत नाही. डीव्हीएलएच्या हिशोबात हे लागतं: बसायला सीट आणि टेबल, सीट जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने बसवलेल्या, टेबलाचं बूड फिक्स पाहिजे पण वरची फळी काढता आली तरी चालते. झोपायची सोय, बेड कायमचा किंवा सीटचा बेड होणारा, पण गाडीलाच बसवलेला. स्वयंपाकाची सोय, कमीत कमी एक बर्नर किंवा मायक्रोवेव्ह, तोही फिक्स, आणि गॅस असेल तर सिलिंडरही गाडीला बांधलेला. आणि निदान एक कपाट, तेही पक्कं. बस. टॉयलेट, फ्रिज, शॉवर यातलं काही यादीत नाही, ते आपापल्या हौसेचं.

मागे माणसं बसवून प्रवास करणार असाल तर ती सीट घरी वेल्डिंग करून बनवू नका, हे मी हात जोडून सांगतो. बाजारात पुल-टेस्ट (ओढून मजबुती तपासलेल्या) झालेल्या एम१, म्हणजे प्रवासी गाडीच्या दर्जाच्या, सीट मिळतात, बेल्ट आणि अँकर सकट, महाग आहेत, पण अपघातात प्लायवूडच्या खोक्यावर बसलेल्या पोराला बेल्ट असून काही उपयोग नाही कारण खोकंच सुटून पुढे येतं. आडव्या सीटवर, म्हणजे भिंतीकडे पाठ करून, प्रवासात कोणालाच बसवू नका.

एमओटीचा क्लास कसा ठरतो

क्लास ४ मध्ये कार येतात, ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू व्हॅन येतात आणि मोटर कॅराव्हॅन येतात, वजन कितीही असो. क्लास ७ म्हणजे ३००० च्या वर ते ३५०० किलोपर्यंतच्या मालवाहू. म्हणजे आमच्यासारखी ३५०० ची व्हॅन रिकामी असताना क्लास ७ आणि आत घर बांधल्यावर क्लास ४. नियमातली व्याख्या साधारण अशी आहे की माणसं आणि त्यांचं सामान नेण्यासाठी बांधलेली किंवा बदललेली गाडी, जिच्यात राहायला जे वाजवी आहे ते कायमचं बसवलेलं आहे. त्यात लॉगबुकवर काय छापलंय याचा उल्लेख नाही. टेस्टर समोरची गाडी बघून ठरवतो.

फरक काय पडतो? फी कमाल ५४.८५ पाउंड क्लास ४ ला आणि ५८.६० क्लास ७ ला, म्हणजे चार पाउंडांसाठी भांडण्यात अर्थ नाही. खरी अडचण ही की क्लास ७ करणारी गॅरेजं कमी, आणि क्लास ४ करणाऱ्या छोट्या गॅरेजांत आपली उंच छपराची व्हॅन दारातच अडकते. म्हणून बुकिंग ऑनलाइन करू नका, फोन करा आणि सरळ सांगा: व्हॅनची कॅम्पर केलीये, बेड-किचन फिक्स आहे, उंची इतकी, लांबी इतकी, प्लेटला ३५०० किलो, घ्याल का? उंची रूफ व्हेंट आणि सोलर पॅनल धरून मोजा, कंपनीच्या ब्रोशरमधली नको.

अर्धवट कामात एमओटी आली तर? नुसतं इन्सुलेशन आणि फळ्या लागल्यात, किचन नाही, तर ती अजून मालवाहूच आहे, क्लास ७ ला न्या, उगाच टेस्टरला पटवत बसू नका.

एक खाच अजून. नियमात 'लिव्हिंग व्हॅन' नावाचा वेगळा प्रकार आहे: ज्यात राहतात पण सोबत राहण्याशी संबंध नसलेला मालही नेतात. मागे गॅरेज करून तिथे धंद्याचा माल नेत असाल तर तुम्ही यात जाता, आणि मग वजनावरून मालवाहूसारखी टेस्ट, ३५०० च्या वर असेल तर थेट ट्रकांची.

तारखेचं: पहिली एमओटी गाडी पहिल्यांदा रजिस्टर झाल्यापासून तीन वर्षांनी, मग दरवर्षी. संपायच्या महिनाभर (एक दिवस कमी) आधी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, विशेषतः पहिल्यांदा कन्व्हर्जन घेऊन जाताना, कारण एखादं गॅरेज परत पाठवेलच. एमओटी संपली असेल तर फक्त दुरुस्तीला किंवा आधी बुक केलेल्या टेस्टलाच गाडी चालवत नेता येते.

टेस्टर नेमकं काय बघतो

तो तुमचं किचन तपासायला आलेला नाही. गॅस गळतोय का, २३० व्होल्टची वायरिंग बरोबर आहे का, हे एमओटीत नाहीच. पण कन्व्हर्जनमुळे ज्या गोष्टी बिघडतात त्या मात्र बरोब्बर सापडतात.

गंज पहिला. सीटबेल्टचे अँकर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आत स्ट्रक्चर कुजलेलं असेल तर फेल. आपण फरशीला भोकं पाडतो, पाण्याचा ड्रेन, हीटरचा पाइप, टेबलाचा बूड, आणि कडांना प्रायमर लावायला विसरतो, दोन हिवाळ्यांतल्या मिठाच्या रस्त्यांनी तिथूनच सुरुवात होते. प्रत्येक भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, मग पेंट, मग सीलर. आळस करू नका.

फिरणारी सीट, म्हणजे स्विव्हल. ड्रायव्हरची सीट फिरवून लिव्हिंग रूम करायची सगळ्यांना हौस, पण बेस नीट लॉक होत नसेल, हलत असेल तर फेल. त्या सीटखालून हँडब्रेकची केबल किंवा वायरिंग जात असेल तर ती घासत नाही ना ते बघा.

बॅटरी कुठलीही असो, घट्ट बांधलेली हवी. डिझेल हीटरसाठी टाकीतून इंधनाची नळी काढली असेल आणि ती झिरपत असेल तर ते इंधनगळती म्हणून जातं. पुढची दारं आतून बाहेरून उघडली पाहिजेत, नीट बंद झाली पाहिजेत, आतून पॅनल लावताना सरकत्या दाराचं हँडल झाकून टाकणारे महाभाग मी बघितलेत. काचेवर ड्रायव्हरसमोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी चीर नको. पुढच्या दारांच्या काचांना काळी फिल्म लावू नका, तिथून ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा कायदा आहे, मागच्या खिडक्यांना ते बंधन नाही. डीपीएफ (डिझेलच्या काजळीचा फिल्टर) काढून टाकलेली जुनी व्हॅन घेतली असेल तर ती तिथेच अडकणार.

रिझल्टमध्ये २०१८ च्या मे पासून प्रकार आहेत: डेंजरस आणि मेजर म्हणजे फेल, मायनर म्हणजे पास पण दुरुस्त करा, आणि अ‍ॅडव्हायजरी म्हणजे लक्ष ठेवा. फेल झाली आणि गाडी तिथेच दुरुस्तीला ठेवली तर १० कामाच्या दिवसांत अर्धवट रीटेस्टचे पैसे पडत नाहीत.

जाताना व्हॅन रिकामी करून आणि धुवून न्या. सुटं सामान पसरलेलं असेल किंवा खाली चिखल थापलेला असेल तर टेस्टर टेस्टच नाकारू शकतो. सीटबेल्ट गादीखाली गाडले गेले असतील तर ते वर काढून ठेवा.

मग लॉगबुकचं काय

गाडीत बदल केले की डीव्हीएलएला कळवायचंच असतं, ते टाळू नका. व्ही५सी, कन्व्हर्जनची चेकलिस्ट आणि आतून-बाहेरून फोटो, नंबरप्लेट आणि चासी नंबर दिसेल असे, स्वान्सीला डीव्हीएलएकडे पाठवायचे. पण २०१९ पासून 'मोटर कॅराव्हॅन' हे नाव देताना ते गाडी बाहेरून तशी दिसते का हेही बघतात, कारण त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावर पोलिसाने बघितलं तर लॉगबुकच्या वर्णनावरून गाडी ओळखता आली पाहिजे. त्यांच्या यादीत बाहेरच्या गोष्टी अशा: एका बाजूला तरी दोन किंवा जास्त खिडक्या (ड्रायव्हर-पॅसेंजरच्या सोडून), राहायच्या भागाला वेगळं दार, दोन्ही बाजूंना कॅम्परसारखे ग्राफिक्स, ऑनिंगचा (बाजूला ओढायच्या छताचा) बार आणि उंच छप्पर, त्यात वर उघडणारं पॉप-टॉप धरत नाहीत. हे दिसलं नाही तर 'व्हॅन विथ साइड विंडोज' किंवा तसलं काहीतरी लिहून येतं.

मला दोन्ही बाजूंना डोंगर आणि लाटांचे स्टिकर नको होते, कारण कॅम्पसाइट नसेल तेव्हा साधी पांढरी व्हॅन कुठेही खपून जाते, म्हणून मी त्या नावाच्या मागे लागलोच नाही. आमच्या लॉगबुकवर अजून व्हॅनच आहे, क्लास ४ ला दरवर्षी पास होतेय. रोड टॅक्सही बॉडी टाइप बदलल्याने बदलत नाही, तेव्हा त्या आशेने करणार असाल तर राहू द्या.

स्पीड लिमिटचं मात्र समजून घ्या. मालवाहू व्हॅनला सिंगल कॅरेजवेवर ५० मैल, ड्युअलला ६०, मोटरवेला ७०. मोटर कॅराव्हॅनचं रिकामं वजन ३.०५ टनांपर्यंत असेल तर कारसारखं, ६०, ७०, ७०. इथेही बांधणी महत्त्वाची, पण कॅमेऱ्याला आत किचन दिसत नाही आणि लॉगबुक व्हॅन म्हणत असेल तर नोटीस घरी येऊ शकते, मग फोटो पाठवून समजावत बसायचं. मी सरळ व्हॅनच्या लिमिटने चालवतो. डिझेलही वाचतं.

इन्शुरन्स, गॅस, वायरिंग

काम सुरू करायच्या आधी इन्शुरन्सवाल्याला सांगा, नंतर नाही. सेल्फ-बिल्डसाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात, काम चालू असतानाच्याही. प्रश्न थेट विचारा: लॉगबुकवर बॉडी टाइप बदललाच पाहिजे अशी अट आहे का, असेल तर किती दिवसांत. काहींची असते, काहींची नसते. आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरच्या गोड बोलण्याला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

गॅस आणि वीज एमओटीत नाही म्हणून कोणी बघत नाही, म्हणून तिथेच घात होतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच आणि ते कपाट आतल्या बाजूने सीलबंद. थंडीत ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ होणं सोडतो, स्कॉटलंडला जाणार असाल तर प्रोपेन घ्या. गाड्यांमधल्या गॅससाठी बीएस ईएन १९४९ हे स्टँडर्ड आहे, एलपीजी आणि लेझर व्हेइकलचं काम येणाऱ्या गॅस सेफ इंजिनियरकडून तपासून घ्या आणि त्याचा कागद ठेवा. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज, हुकअप (कॅम्पसाइटवरची वीज) घेत असाल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ. पोहे करताना वाजला तरी बॅटरी काढू नका, दार उघडा.

भारतात असं करता येईल का, हा फोन मला दर दिवाळीला कोल्हापूरहून येतो. तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आरसीवर जे आहे त्यापेक्षा वेगळी गाडी मालकाने करायची नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाता येणार नाही असंच सांगितलं. तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, इथला हा सगळा प्रकार तिकडे जसाच्या तसा चालत नाही.

आमच्या ग्लोव्हबॉक्समध्ये एक प्लास्टिकची फाइल आहे: काट्याच्या दोन चिठ्ठ्या, आतले छापलेले फोटो, इन्शुरन्सचा तो ईमेल, गॅसचा कागद. मागच्या वर्षी नवीन टेस्टर क्लास ७ म्हणायला लागला तेव्हा फाइल काढायचीसुद्धा वेळ आली नाही, सरकतं दार उघडलं आणि त्याने स्वतःच आत डोकावून चहा मिळेल का विचारलं.